लोहाराचं मागणं

लोहाराचा उजवा हात मागची कापणी संपता संपता गेला. गेला म्हणजे खांद्याला होताच. पण बैलगाडीच्या आसाखाली सापडला तेव्हापासून बोटं मिटेनात. हाड जुळलं, जखम भरली, नवी गुळगुळीत कातडी आली, बोटं मात्र रुसलेल्या जावयासारखी ताठच्या ताठ. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याची मूठ झाकतच नव्हती, त्यामुळे तिची खरी किंमत सगळ्या गावाला कळली.

त्याची भट्टी चर्चच्या आवारातच, मागच्या भिंतीला लागून होती. लोहाराच्या आजोबाला मंडळीने ती जागा दिली तेव्हा तोंडी अट घातली होती: भट्टी पेटती आहे तोवर जागा तुमची; एक कापणी जरी थंड गेली तरी जागा मंडळीची. आजोबा आणि बाप या अटीवर हसत आले. कापणीच्या दिवसांत लोहाराची भट्टी थंड राहील हे त्यांना मेलेल्या माणसाने शिंकावं तसं वाटायचं.

आता कुणी हसत नव्हतं. वर्षभर लोहाराच्या बायकोने बिजागऱ्या, कड्या, खिळे असलं किरकोळ काम करून विस्तव जिवंत ठेवला होता. तिचं मूळ काम घण मारायचं. नवरा सांडशीत लोखंड धरून हातोडीने ऐरणीवर खूण करायचा आणि त्या खुणेवर ती घण आणायची. खांदे पुरुषासारखे, आवाज त्याहून मोठा. भात्यावर सासू. सासूला ऐकू येत नव्हतं, पण भाता ओढायला कान लागत नाहीत, आणि सुनेचं बोलणं ऐकू न येणं हा या घरात अवगुण मानला जात नसे.

मंडळीने लोहारासाठी प्रार्थना केली नाही असं कुणी म्हणू नये. मनापासून केली. पण दयेलाही माप असतं. सुरुवातीला हंड्याने ओतली, मग तांब्याने, शेवटी पळी पळीने.

या चर्चची एक रीत होती. प्रवचन झालं की मंडळीचा कारभारी पुढे येऊन ज्यांचं काही मागणं असेल त्यांची नावं घ्यायचा. कागद नाही, चष्मा नाही, सगळं तोंडपाठ, आणि त्याचा त्याला अभिमान. ज्याचं नाव घेतलं तो डावीकडे भिंतीशी जाऊन उभा राहायचा. बाकीचे बसून त्याच्यासाठी प्रार्थना करायचे. ज्याला मागितलेलं मिळालं तो पुढे येऊन साक्ष द्यायचा. मग टाळ्या आणि गीत. ज्याला बरेच दिवस काहीच मिळत नसे त्याचं काय? त्याच्यासाठी रीत नव्हती. कारभारी त्याचं नाव हळूच विसरून जायचा. त्याची स्मरणशक्ती मोठी दयाळू होती.

तशी ती लोहारालाही विसरली. एका रविवारी नावं संपली आणि लोहाराच्या हाताचा उल्लेख नाही. लोहार तरीही उठला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. शेजारून शिंप्याने त्याचा सदरा ओढला. "बस की. तुझं नाव नाही घेतलं."

"त्याला माहीत आहे माझं नाव," लोहार म्हणाला.

पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. बिनबोलावलेला माणूस पंगतीला बसावा तसा तो भिंतीशी उभा राहायचा आणि कारभाऱ्याचं आमेन थोडं लवकर यायचं. पाळकबाबा तरुण आणि भिडस्त. ते तेवढ्यात शास्त्राची पानं चाळायचे. बायकांच्या बाजूला लोहारीण मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने फरशी कोरायची. तिच्या मागे बसणारी गवळीण कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण लोहारणीला नक्की ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला सांगायची की इतकं मागून मिळत नाही म्हणजे मनात कुठेतरी पापाची गाठ असणार. देव उगाच कुणाला ताटकळत ठेवत नाही.

कापणी तोंडावर आली तेव्हा शहरातल्या दवाखान्यात हाताचा मोठा डॉक्टर येतो अशी बातमी लागली. तो फक्त रविवारी बसायचा. लोहार त्या रविवारी पहाटेच्या गाडीने गेला आणि वर्षात पहिल्यांदा भिंतीशी कुणी आगंतुक उभा राहिला नाही.

त्या दिवशी कारभाऱ्याने नावं घेतली आणि मग घसा साफ करून सांगितलं की पुढच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा बसेल. विषय मागची जागा. अट सगळ्यांना माहीत आहे. कुणाचं वाईट करायचं नाही, पण एक वेल्डर विजेचं यंत्र घेऊन यायला तयार आहे, आणि शेतकऱ्यांनी विळे घेऊन जायचं कुठे? तो वेल्डर कारभाऱ्याच्या साडूचा मुलगा होता. हे कारभाऱ्याने सांगितलं नाही. ते सगळ्यांना तोंडपाठ होतं.

मागून गवळणीचा सुस्कारा आला. म्हणाली, आज तर तो आलाही नाही. थकला असेल बिचारा मागून मागून. देवही थकला असेल.

लोहारीण उठली. भिंतीशी गेली नाही, सरळ पुढे गेली, साक्ष देतात तिथे. पदर कमरेला खोचला, जणू घणच उचलायचाय. "आमच्या घरी हात बरा झालाय," ती म्हणाली. "परवापासून मूठ मिटते. प्रभूने ऐकलं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्या एका वाक्याने चर्चचं छत जरा वर गेल्यासारखं झालं. पाळकबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची इथली पहिलीच मोठी साक्ष ती. लोक उठले, टाळ्या झाल्या, गीत सुरू झालं. सासूने शेजारणीला खुणेने काय झालं विचारलं. शेजारणीने तिच्या कानात ओरडून सांगितलं. तेव्हा म्हातारी, जी त्याच घरात राहत होती आणि त्याच सकाळी मुलाच्या सदऱ्याची बटणं लावून आली होती, मोठ्याने म्हणाली, "कधी?"

लोकांना वाटलं, आनंदाने म्हणाली.

त्याच वेळी शहरात डॉक्टरने लोहाराच्या बोटांना टाचणी टोचली. मग पेन्सिल धरायला दिली. ती जमिनीवर पडली. पुन्हा दिली; पुन्हा पडली. तिसऱ्यांदा डॉक्टरने स्वतःच उचलून खिशात घातली. शीर मेली आहे, म्हणाला. आता डाव्या हाताची सवय करा. लोहाराने विचारलं, अजिबात नाही का? डॉक्टर बरा माणूस होता. त्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

गाडीतून उतरेपर्यंत लोहाराने ते 'नाही' गिळून पोटात घातलं होतं. बायकोला कसं सांगायचं याची जुळवाजुळव चालू होती. थांब्यावर गाडीवाला, न्हावी आणि दोन-तीन जण बसलेले. त्याला पाहताच सगळे उठले. न्हाव्याने गळ्यात हात घातला. गाडीवाला, ज्याच्या बैलगाडीच्या आसाखाली हात सापडला होता आणि जो वर्षभर लोहारासमोर मान वर करत नव्हता, रडायलाच लागला. म्हणे, माझ्या मानेवरचं ओझं उतरलं रे बाबा. हात मिळव, हात मिळव.

लोहाराला आधी वाटलं, यांना दवाखान्यातलं कळलं आणि हे सांत्वन करतायत. मग त्याला एकेक शब्द नीट ऐकू येऊ लागला. उजवा हात त्याने सदऱ्याच्या खिशात सरकवला आणि डावा पुढे केला. गाडीवाल्याने तोच दोन्ही हातांत धरून डोळ्यांना लावला. त्याला काय, आनंदात डावं-उजवं कुणी बघत नाही.

घरी बायको चुलीपुढे पाठमोरी बसली होती. त्याने चप्पल काढली, पाणी प्यायला, आणि मग विचारलं, "काय केलंस हे?"

"डॉक्टर काय म्हणाला?"

"नाही म्हणाला. मी तुला विचारतोय."

ती वळली नाही. फुंकणीने विस्तव फुंकला, नको तितका. मग बोलायला लागली ती थांबेना. जागेची सभा, साडूचा मुलगा, गवळणीचा सुस्कारा. लोक तुम्हाला काय म्हणतात ते तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही भिंतीशी डोळे मिटून उभे. ते मलाच ऐकावं लागतं. आणि तुम्हाला बोलले असते तर सोसलं असतं. ते देवाला बोलतात. वर्षभर हाक मारली, ओ दिली नाही, असं. "मी देवाची लाज राखली," ती म्हणाली.

लोहार खाली बसला. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटवत होता. सोडली की ती उघडत होती.

"ज्याला सगळ्यांदेखत उघडं करून खांबावर ठोकलं," तो म्हणाला, "त्याची लाज तू राखणार?"

ती रडली नाही. तिच्या घराण्यात बायका रागावून रडत नसत, भांडी घासत असत. सगळी भांडी घासून झाली तेव्हा तिने विचारलं, आता काय करणार. तो म्हणाला, रविवारी खरं सांगणार. ती म्हणाली, सभा त्याच दिवशी आहे. निदान सभा होऊ द्या, मग सांगा. तो म्हणाला, सभेआधी. ती म्हणाली, मग जागा गेली म्हणून समजा. ते खरंच होतं.

सोमवारी दारात विळ्यांचा ढीग पडला. हात बरा झाल्याची बातमी शेतांपर्यंत पोचली होती. बोथट विळे, दाते गेलेले विळे, मुठीपाशी मोडलेले विळे, आणि नवे करून मागणारे वेगळेच. लोहार म्हणाला, परत पाठव. बायको म्हणाली, "हात खोटा आहे. विळे खरे आहेत. पीक उभं आहे ते काय आपल्या रविवारची वाट बघणार?"

लोहाराने विळे आत घेतले. त्याने एकच हट्ट धरला: दार सताड उघडं ठेवायचं. लपूनछपून काही नाही. बघेल त्याला दिसेल.

मग त्या नवरा-बायकोचं जे काही चाललं ते बघण्यासारखं होतं. सांडशीच्या दांड्यांवर कडी सरकवली की पकड आपोआप आवळते. तशी सांडशी तो डाव्या हाताने धरू लागला. हातोडी बायकोकडे आली. तिला आयुष्यभर घणाची सवय. पहिलाच विळा तिने इतका चपटा केला की लोहार म्हणाला, याने पीक कापू नकोस, उलथणं म्हणून वापर. दुसरा वाकला तो भलतीकडेच. डावखुऱ्यासाठी ठेव, तो म्हणाला. तिने हातोडी खाली आपटली आणि म्हणाली, मग स्वतः मारा. म्हटल्यावर तिलाच कसंतरी झालं. तो मात्र हसला. वर्षात पहिल्यांदा हसला असेल.

"तू रागावून मारतेस," तो म्हणाला. "घणाला राग चालतो. हातोडीला चुचकारावं लागतं."

पूर्वी तो ऐरणीवर हातोडीची टकटक करून तिला खूण द्यायचा. आता खूण द्यायला हात नव्हता. मग तो गाऊ लागला. चर्चमधलं एक जुनं संथ चालीचं गीत. ठेक्यावर ती मारायची. त्याने ओळ उचलली की जोरात, ओळ उतरली की हलके, तो श्वास घ्यायला थांबला की हातोडी वर. लोखंड काळवंडलं की तो गाणं तोडून विळा भट्टीत सारायचा. म्हातारी त्याच्या ओठांकडे बघून भाता ओढायची. तापलेल्या लोखंडाचे पापुद्रे उडून लोहारणीच्या मनगटावर बसत होते, तिथे बारीक फोड येत होते, आणि ती ते ओठांनी गार करून पुन्हा हातोडी उचलत होती. दुपारपर्यंत एक विळा असा निघाला की लोहाराने तो उजेडात धरून नुसता फिरवून फिरवून पाहिला. पाण्यात विझवला, पिवळा रंग चढेपर्यंत पुन्हा शेकला, आणि वेगळा ठेवला.

तिने विचारलं, कसा आहे?

"माझ्या विळ्यापेक्षा जरा पातळ," तो म्हणाला. "पण ठीक."

लोहाराकडून 'ठीक' म्हणजे काय हे तिला माहीत होतं. तिने दिवसभर आणखी काही विचारलं नाही.

आणि उघड्या दारातून लोकांना काय दिसलं? लोक येत होते, बघत होते. सांडशी डाव्या हातात, उजवा मांडीवर पालथा, हातोडी बायकोकडे. बघून म्हणत होते, बरोबर आहे, हात अजून नवा आहे, जपायलाच हवा. माणसाला एकदा चमत्कार पाहिजे असला की त्याच्यापुढे दार उघडं ठेवून उपयोग नसतो.

गुरुवारी शिंपी आला. विळा घेऊन नाही; शिंप्याला विळा कशाला. तो दारात घुटमळला, म्हातारीची चौकशी केली, हवेविषयी बोलला. हा तोच शिंपी, जो चर्चमध्ये लोहाराचा सदरा ओढायचा आणि बाहेर आल्यावर विचारायचा, काय रे, आज काही टपालाने आलं का वरून? त्याचे डोळे जात चालले होते. सुई ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारावी लागे. त्याचंही नाव कधीतरी घेतलं जायचं आणि कधीतरी गळालं होतं. पण नाव गळालं तसा तो निमूट बसून राहिला होता. थट्टा करण्याचं काम तेव्हापासूनच वाढलं.

शेवटी तो म्हणाला, जरा आत चल. आत गेल्यावर त्याने टोपी काढली. म्हणाला, हसू नकोस. तुझा तो हात माझ्या डोळ्यांवर ठेव.

भात्यामागे लोहारीण कोळसा चाळत होती. चाळणी थांबली.

लोहाराने खिशातून हात काढला. डोळ्यांवर ठेवला नाही. शिंप्याच्या तळहातावर ठेवला. शिंप्याने आधी तो भक्तीने धरला, मग चाचपला, मग दाबला. शिंप्याच्या बोटांना कापड कळतं, तसा त्याला तो हात कळला. थंड, वजनदार, उत्तर न देणारा.

"हा तर..." शिंपी म्हणाला.

"हो."

"मग रविवारी ती..."

"मला मिळालेलं नाही, शिंप्या. तुला खोट्या आशेवर पाठवत नाही."

शिंप्याने हात सोडला नाही. त्याचा चेहरा आधी पडला, मग रागाने लाल झाला. म्हणाला, "तरी तू मागतोस? अजून?"

"आज सकाळीही मागितलं."

"का?"

लोहाराने विचार केला. तो बोलण्यात हुशार नव्हता. म्हणाला, "त्याच्याकडे नाही जायचं तर मग कुणाकडे जाऊ? कारभाऱ्याकडे?"

शिंप्याला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्याने ठसका लागला. लोहार म्हणाला, तू आलाच आहेस तर प्रार्थना करू. आणि त्याने तो मेलेला हात डाव्या हाताने उचलून शिंप्याच्या डोळ्यांवर ठेवला आणि थोडक्यात मागितलं. शिंप्याने डोळे उघडले. जितकं धुरकट होतं तितकंच धुरकट. त्याने टोपी घातली, उंबरा चाचपत बाहेर पडला. जाताना एवढंच म्हणाला, की रविवारपर्यंत तो कुणाला काही बोलणार नाही. आणि खरंच बोलला नाही. गावाच्या आठवणीत शिंप्याने तोंड शिवल्याची ही पहिलीच वेळ.

भात्यामागे चाळणी बराच वेळ सुरू झाली नाही.

रविवारी चर्च भरलं. कुणी कापणीच्या आधी आशीर्वाद घ्यायला, कुणी बरा झालेला हात बघायला, कुणी सभेला. पाळकबाबांनी प्रवचन लांबवलं नाही. कारभारी नावं घ्यायला उठला. पहिलं नाव घ्यायच्या आतच बाकावरून लोहार उठला. कारभाऱ्याने हसून त्याला पुढे बोलावलं. म्हणाला, या, आज तुमच्याच तोंडून ऐकू.

लोहार दोन पावलं आला असेल तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. "तुम्ही थांबा."

लोहारीण पुढे आली. आज पदर खोचलेला नव्हता. हातांवरचे फोड दिसत होते. "मागच्या रविवारी मी इथे खोटं बोलले," ती म्हणाली. "हात तसाच आहे. यांना माहीत नव्हतं, हे दवाखान्यात होते. मला वाटलं, देवाची अब्रू जातेय. अब्रू माझी जात होती. विळे मी घडवलेत. कुणाचा वाकला असेल तर परत आणा." एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली नाही. तिथेच उभी राहिली, जे यायचं ते अंगावर घ्यायला.

बाहेर बांधलेल्या बैलाने मान हलवली ते आत चर्चमध्ये ऐकू आलं. गवळणीने तोंडाला पदर लावला. गाडीवाला खाली बघू लागला. उतरलेलं ओझं पुन्हा मानेवर बसलं होतं. पाळकबाबा इतके पांढरे पडले की त्यांच्यासाठीच कुणीतरी मागणं करावं.

कारभारी कडक झाला. म्हणाला, देवाच्या घरात खोटी साक्ष, याचं काय ते सभा बघेल. जागेचंही बघेल. तेव्हा लोहार म्हणाला, सभा नंतर. आधी नावं चालू आहेत, त्यात माझं घ्या.

कारभाऱ्याने त्याला समजावलं. आवाज खाली आणून, वडीलधाऱ्यासारखं समजावलं. वर्ष झालं. डॉक्टर नाही म्हणतो. माणसाने कुठेतरी ओळखावं. उत्तर न येणं हेच कधी कधी उत्तर असतं.

"असेल," लोहार म्हणाला. "पण ते त्याने मला सांगावं. त्याच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका."

मग तो लोकांकडे वळला. उजवा हात खिशाबाहेर होता. तो म्हणाला, "मला हात मिळाला नाही. रोज सकाळी मागतो, रोज रात्री तो तसाच असतो. कधी कधी रागाने मागतो. पण वर्षभरात एकदाही मला असं वाटलं नाही की मी भिंतीशी बोलतोय. समोर कुणीतरी आहे. गप्प आहे, पण आहे, आणि उठून गेलेला नाही. मग मी का उठून जाऊ? माझ्याकडे एवढीच साक्ष आहे." आणि तो नेहमीसारखा डावीकडे भिंतीशी जाऊन उभा राहिला. लोहारीण त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

बाकावर काहीतरी सरकलं. शिंपी उठला होता. रस्ता न दिसल्याने तो दोघा-तिघांच्या पायांवर पाय देत भिंतीशी पोचला. "माझे डोळे," तो म्हणाला. "माझंही नाव गळालं होतं."

त्यानंतर गाडीवाला उठला. काय मागायचंय ते त्याला सांगता आलं नाही. तो जाऊन लोहाराच्या उजव्या बाजूला उभा राहिला, त्या हाताला खेटून. मग शाळेतली बाई उठली, जिने मूल मागायला सुरुवात करून इतकी वर्षं झाली होती की नव्या सुनांना ते माहीतही नव्हतं. मग न्हावी, ज्याची दारू सुटत नव्हती आणि ज्याने सुटल्याची साक्ष दोनदा दिली होती. मग एक म्हातारा, मग दोन बहिणी. शेवटी गवळीणही. तिच्या पाठीत काय दुखतं ते तिने सांगितलं नाही, पण चालताना दिसलं. भिंत पुरेना. लोक मधल्या वाटेत उभे राहू लागले. इतकी न मिळालेली मागणी एका छपराखाली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच तेवढं राहिलंय.

पुढे कारभारी एकटा राहिला. त्याचा थोरला मुलगा भांडून घर सोडून गेला होता आणि कुठे आहे ते कुणाला माहीत नव्हतं. कारभाऱ्याने सगळ्यात आधी विसरलेलं नाव तेच होतं. त्याने लोकांच्या त्या गर्दीकडे पाहिलं. घसा साफ केला. पुन्हा केला. आणि मग त्याने मुलाचं नाव घेतलं. मोठ्याने, सगळी नावं घ्यायचा तसं, पण नावाच्या शेवटी आवाज चिरकला. तो चालत आला तेव्हा लोहाराने डाव्या हाताने त्याला जागा करून दिली.

तिथे उभं राहिल्यावर कारभाऱ्याने, पुन्हा कारभारी व्हायचा प्रयत्न करत, सांगून टाकलं की सभेची काही गरज दिसत नाही. अट भट्टी पेटती राहण्याची होती. हातोडी कुणाच्या हातात असावी हे अटीत नाही. कापणीवाल्यांपैकी एकजण मागून म्हणाला, विळा झकास चालतो, मी कालच गवतावर लावून बघितला. कुणी हसलं. मग बरेच जण हसले. लोहारीण मात्र आता रडत होती, कारण घासायला तिथे भांडी नव्हती.

पाळकबाबांनी डोळे पुसले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "जे बसलेत त्यांनी उभे असलेल्यांसाठी प्रार्थना करावी." म्हणून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. बाक रिकामे होते. ते स्वतःही पायऱ्या उतरून त्या गर्दीत येऊन उभे होते.

फक्त एकजण बसली होती. लोहाराची आई. तिला यातलं काही ऐकू आलं नव्हतं आणि तिचे गुडघे दुखत होते. सगळे उभे पाहून तिने विचारलं, संपलं का?

लोहारीण गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेली आणि कानाशी वाकून ओरडून म्हणाली, "आई, तुम्हीच तेवढ्या बसलेल्या आहात. सगळ्यांसाठी तुम्हाला प्रार्थना करायचीय."

"कशासाठी?"

"जे मिळालं नाही त्यासाठी."

म्हातारीने सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. मुलाकडे, सुनेच्या हातांकडे, शिंप्याकडे, कारभाऱ्याच्या ओल्या चेहऱ्याकडे. डोळे मिटले. बहिऱ्या माणसाचं बोलणं जसं असतं तसं, मोठ्याने, आवारापलीकडे ऐकू जाईल असं ती बोलली.

"बापा, ही तुझीच माणसं. सगळी उभी आहेत. दिलंस तरी इथेच आहेत, नाही दिलंस तरी इथेच आहेत. बघ आता तू. आमेन."

आणि त्या छपराखाली जे आमेन उठलं, ते तिलासुद्धा ऐकू आलं.